आठ गुंठे, रोड टच

"खारबाव स्टेशनजवळ, आठ गुंठे, रोड टच, कंपाउंडसहित, गोडाउन किंवा ऑफिससाठी उत्तम, टायटल क्लिअर."

ही आमच्या माहेरच्या घराची जाहिरात. एजंटाने तयार केली आणि आता ती सगळ्या नातेवाइकांच्या फोनवर फिरते आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे पोचलीही असेल. तीसेक वर्षं मुलांचे निबंध तपासल्यामुळे असं काही वाचलं की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. या दोन ओळींत मला दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे त्यात 'घर' हा शब्दच नाही. आणि दुसरं ते 'टायटल क्लिअर'. त्याच्याबद्दल पुढे सांगते.

ज्यांना खारबाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडंसं. हे भिवंडी तालुक्यातलं गाव. वसई रोड ते दिवा या लाइनवर कामण रोड आणि भिवंडी रोड यांच्या मधलं स्टेशन. नाव फोडून पाहिलं तर खार म्हणजे खाऱ्या पाण्याची जमीन आणि बाव म्हणजे विहीर. खाऱ्या मुलखातली गोड्या पाण्याची विहीर, असा अर्थ मी लहानपणीच मनाशी लावून टाकला होता, कारण आमच्या परसातल्या विहिरीचं पाणी खरंच गोड होतं!

आजोबांचा भाताचा आणि गवताचा व्यापार होता. मुंबईत घोडागाड्या होत्या, तबेले होते, त्यांना आमच्या भागातून गवत जायचं. त्या पैशातून आजोबांनी १९३२च्या सुमारास हे घर बांधलं. गिरगावात त्यांचं जाणं-येणं असे, तिथली घरं त्यांच्या डोळ्यांत भरली होती. त्यामुळे खेडेगावात असूनही आमचं घर जरा ऐटीतलं. पुढे लांब ओटी, तिला बिडाचा नक्षीदार कठडा. पागोळ्यांच्या कडेला कातरलेल्या लाकडाची झालर. दारावरच्या कमानीत लाल, हिरव्या, निळ्या काचा. सकाळी साडेआठला ते रंग माजघराच्या लाद्यांवर उतरायचे आणि आम्ही भावंडं 'लाल माझा, निळा तुझा' करून त्यावर उभी राहायचो. वर मंगलोरी कौलं. आतले खांब अखंड सागाचे, एका माणसाच्या मिठीत जेमतेम मावणारे.

ही सगळी नुसती हौस नव्हती बरं का! भिंती जाड, छप्पर उंच, पुढचं आणि मागचं दार एका रेषेत. खाडीवरून वारा सुटला की ओटीवरून आत शिरून मागच्या पडवीतून बाहेर पडायचा. मे महिन्यातसुद्धा दुपारी माजघरात चटई टाकून झोप लागायची. आता शहरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मार्चपासूनच एसी लावावा लागतो.

मात्र अशा घराला दरवर्षी माणसाचा हात लागतो. पावसाआधी कौलं परतायची, फुटलेली बदलायची, वाशांना वाळवी आहे का ते ठोकून बघायचं. हे काम करणारे पाड्यावरचे दोघं भाऊ आता थकले. त्यांची मुलं गोडाउनमध्ये कामाला जातात आणि ते बरोबरच आहे, तिथे महिन्याचा पगार मिळतो. अण्णा ऐंशीच्या पुढे गेला, वहिनींना जिना चढवत नाही, मुलगा-सून पुण्यात. गेल्या पावसात देवघरात बादली ठेवावी लागली. तेव्हा अण्णाने घर विकायचं म्हटलं यात त्याचं काहीच चुकत नाही. हे आधीच स्पष्ट लिहिते, म्हणजे कोणी गैरसमज करून घेणार नाही.

आता किमतीचं गणित बघा. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर आणि तरीही मुंबईजवळ, म्हणून भिवंडीच्या आसपास गोदामं वाढली. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. पण गोदामं काही गेली नाहीत, उलट आणखी मोठी झाली. चिंचोटी ते अंजूरफाटा रस्त्यावर कंटेनरच्या रांगा बघितल्या असतील तुम्ही. त्यामुळे गिऱ्हाईक येतं ते गुंठ्याचा भाव विचारत. घराची किंमत शून्य! शून्यही नाही, पाडायचा खर्च एकूण रकमेतून वजा. आजवर घराकडे नीट पाहिलं ते फक्त एका जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने. त्याने प्रत्येक खांबावर बोटाने टकटक केलं, कान लावला आणि म्हणाला, "माल चांगला आहे, काकू."

असं आपल्याच नशिबी आलंय असं मात्र नाही. होमी भाभांचा मलबार हिलवरचा 'मेहरानगीर' बंगला २०१४ साली लिलावात ३७२ कोटींना गेला. तिथे संग्रहालय करा अशी मागणी होती, कोर्टातही गेली. तरी २०१६मध्ये बंगला पाडला गेला. तिथे आमच्या कठड्याची आणि काचांची काय कथा! उलट गोव्यात जुनं घर घर म्हणून घेणारी माणसं भेटतात. चांदोरचं ब्रागांझांचं घर तर घरच्या मंडळींनीच लोकांना बघायला खुलं ठेवलंय. आणि लांब कशाला, आपल्या अंजूरला नाईकांचा वाडा आहे. वसईच्या मोहिमेत (१७३७ ते १७३९) मराठ्यांच्या बाजूने खटपट करणारे गंगाजी नाईक अंजूरकर याच घराण्यातले. आमच्या घराला असा इतिहास नाही. त्यात फक्त बाळंतपणं, लग्नं आणि भाताची पोती.

आता ते 'टायटल क्लिअर'. एजंट म्हणतो, ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर अण्णाचं नाव आहे. पण नमुना आठ हा घरपट्टीचा उतारा, तो मालकीचा पुरावा नव्हे. वडील १९८८ला मृत्युपत्र न करता गेले. आम्ही दोघे भाऊ, तीन बहिणी. म्हणून बहिणींसाठी हक्कसोडपत्राचा कागद तयार करून आणला होता. "ताई, नुसती सही करायची."

मी केली नाही. विक्रीच्या कागदावर विकणारी म्हणून सही करीन, सोडून देणारी म्हणून नाही.

यावरून घरात जरा धुसफूस झाली. "माहेर तुटेल," असं एक जण म्हणालं. तर ज्या लेकीसुना हे वाचत असतील त्यांनी ही माहिती ठेवावी. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यात कलम २३ होतं. कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी मुलींना मागता येत नसे, घरातले पुरुष वारस वाटणी करतील तेव्हाच. लग्न होऊन सासरी नांदणाऱ्या मुलीला तर त्या घरात राहण्याचाही हक्क नव्हता. म्हणजे पाहुणीच! ते कलम २००५ साली काढून टाकलं, आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी जन्मानेच मुलाच्या बरोबरीची झाली. पुढे ऑगस्ट २०२०मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की २००५ साली वडील हयात असायला हवे होते असंही नाही.

मला पैशाची ददात नाही, पेन्शन पुरते. माझा हिस्सा मी वहिनींच्या औषधपाण्यालाही देईन कदाचित. पण तो देणारी मी असेन. अण्णाला हे फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "माई, आईने पण हेच म्हटलं असतं." बाकीच्यांचं बघू.

माझं मागणं तीन गोष्टींचं आहे. एक वर्ष हे घर 'घर' म्हणून विकायला काढावं. खोल्या, खांब, लाद्या, विहीर सगळं जाहिरातीत लिहून. कोणाला दवाखाना, अभ्यासिका, पाळणाघर करायचं असेल तर भाव थोडा कमी घ्यावा. दुसरं, आर्किटेक्चर शिकणारी मुलं बोलावून घराची मोजमापं आणि नकाशे करून घ्यावेत. तिसरं, ज्यांच्याकडे ओटीवरचे जुने फोटो असतील त्यांनी मागे नावं आणि सालं लिहून पाठवावेत. निम्म्या चेहऱ्यांची नावं सांगू शकणारी आता मी आणि अण्णा, दोघंच उरलोय.

वर्षात कोणी नाही मिळालं तर गोडाउनवाल्याला द्यायला माझी हरकत नाही. वहिनींचे गुडघे माझ्यासाठी थांबणार नाहीत.

तोवर यंदा कौलं परतून घ्यायची आहेत. दोन माणसं मिळाली आहेत कामणकडची, खर्च मी करते आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात काम सुरू होईल. ज्यांना जमेल त्यांनी या, वर चढू नका, खालून कौलं हातोहात द्या.