आठ वाव पाणी

बाबांची पाणी मोजायची दोरी बरीच वर्षं आमच्या मालवणच्या घरात पडवीतल्या खुंटीला लटकलेली होती. टोकाला शिशाचा लांबट गोळा, दोनएक किलोचा, वर निमुळता आणि बुडाला रुंद. बुडात अंगठा मावेल एवढी खोबण. दोरीला वावावावाला गाठ, आणि पाचव्या, दहाव्या, पंधराव्या गाठीत आईच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी ओवलेली, म्हणजे अंधारातही हाताला कळावं.

वाव म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. दोन्ही हात आडवे ताणायचे. या हाताच्या मधल्या बोटापासून त्या हाताच्या मधल्या बोटापर्यंत जे अंतर भरेल तो एक वाव.

खोबणीत बाबा कपड्यांचा साबण थापायचे. खाऱ्या पाण्यात साबण चटकन विरघळत नाही. गोळा तळाला टेकून वर आला की ते आधी बूड उलटं करून बघत आणि मगच गाठी विचारत. साबणाला रेव चिकटली असेल तर एक जागा, काळा चिखल असेल तर दुसरी. काहीच न चिकटता साबणाला नुसता खळगा पडला असेल तर खाली खडप. मालवणच्या बंदरात शिरायची वाट अशा खडपांमधूनच आहे. 1664 साली शिवाजी महाराजांनी किल्ल्यासाठी कुरटे बेट निवडलं, ते काही फक्त देखावा बघून नाही. परक्या जहाजाला इथे वाट सापडत नाही, आणि धुकं पडलं तर घरच्यांनाही सापडत नाही.

नाळेवर उभं राहून गोळा टाकायचं काम माझं. ‘आठ वाव पाणी’ असं मी ओरडलो की मागून सुकाणावरून प्रश्न यायचा, ‘खयसून मोजलंस?’ म्हणजे दोरी सरळ उभी होती की वाऱ्याने होडी सरकून तिरकी झाली होती? गाठ पाण्याला टेकली तेव्हा मोजलीस की होडीच्या काठाला? लहानपणी या प्रश्नाचा मला भयंकर राग यायचा. आकडा सांगितला की पुढे विचारायचं काय राहतं?

सोळाव्या वर्षी त्याचं उत्तर मिळालं. जुनी दोरी कुजली, बाबांनी नवी आणली आणि गाठी मारायचं काम मला दिलं. तोवर मी त्यांच्याहून हातभर नाही तरी वीतभर उंच झालो होतो. मी माझे हात ताणून ऐटीत गाठी मारल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या नेहमीच्या खडपाच्या कडेला गेलो. देवळाचा कळस मागच्या डोंगरातल्या खाचेत बसवायचा, आणि दुसऱ्या बाजूला किल्ल्याचा एक बुरूज एका माडाच्या सरळ रेषेत आणायचा. या दोन रेषा जिथे एकमेकींना कापतील तिथे खडपाची कड. त्या कडेला गोबरे लागायचे. ओहोटी तळाला गेली की तिथे बरोब्बर आठ वाव पाणी, हे त्यांचं पाठ. मी गोळा सोडला आणि म्हणालो, ‘सव्वासात.’ त्यांनी कळस पुन्हा पाहिला, माड पुन्हा पाहिला. मग माझ्या हातातली दोरी घेऊन दोन गाठींमधलं अंतर स्वतःच्या छातीवर लावून बघितलं आणि हसायलाच लागले. त्या संध्याकाळी त्यांनी माझ्या सगळ्या गाठी सोडल्या आणि आपल्या वावाने पुन्हा मारल्या. पाणी तेवढंच होतं, वाव माझा होता.

पुढची तीसेक वर्षं मी मुंबईत बँकेत होतो. त्याबद्दल इथे सांगण्यासारखं काही नाही. मी आकडे मोजायचो आणि ते जुळायचे.

मधल्या काळातली एक गोष्ट मात्र सांगायला हवी. 1998च्या सुमाराला चुलतभावाने ट्रॉलरवर जीपीएस घेतला, हातात मावणारा, राखाडी पडद्याचा. मी सुट्टीत आलो होतो. भाऊ अभिमानाने दाखवत होता: अक्षांश इतका, रेखांश इतका. बाबा चष्मा पुसून म्हणाले, ‘ह्यो आकडो खयसून मोजतत?’

‘आभाळातसून,’ भाऊ म्हणाला.

‘आणि तळ?’

‘तळ ह्येका कळना नाय.’

‘मगे अर्धाच काम झाला,’ असं म्हणून बाबा विडी पेटवायला गेले.

ते अर्धं कामही तेव्हा धड होत नव्हतं. भावाने एका खडपाची जागा यंत्रात साठवली. दुसऱ्या दिवशी त्या आकड्यावर गेला तर खडप तिथे नाही, पन्नास-साठ मीटर पलीकडे. तिसऱ्या दिवशी आणखी भलतीकडे. ‘खडप रोज फिराक जाता,’ असं तो बंदरावर सांगायचा आणि लोक हसायचे. फिरत होता तो आकडा. अमेरिकन लष्कर नागरी वापराच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत हलायची. 2 मे 2000 रोजी अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ती मिसळ थांबली. अमेरिकेत कुणीतरी एक कळ बंद केली आणि मालवणातलं खडप जागेवर बसलं. भावाला कारण पुष्कळ उशिरा कळलं. तोवर यंत्र आपोआप सुधारलं अशीच त्याची समजूत होती. बाबा 2004 साली गेले.

निवृत्तीनंतर मी वीस फुटी फायबर होडी घेतली, मागे लहान आउटबोर्ड इंजिन. धंद्यासाठी नाही, गरवायला. खुणा धरायला गेलो तर कळस दिसेना, पुढे तीन मजली लॉज उभं राहिलेलं. माडही पडला होता. तेव्हा ठरवलं, जीपीएस आणि खोली दाखवणारं यंत्र एकाच डब्यात असतं ते घ्यायचं. पुतण्या म्हणाला, ‘काका, मोबायलात सगळा आसा, पैशे कित्याक घालवतास?’ त्याचं निम्मं खरं होतं. मोबाइलचा जीपीएस नेटवर्क नसलं तरी चालतो. पण दुपारच्या उन्हात त्याचा पडदा आरसा होतो, तापला की तो बंद पडतो, ओल्या बोटाला नको तिथे प्रतिसाद देतो, आणि तळाबद्दल त्याचं उत्तर भावाच्या जुन्या यंत्राचंच: कळना नाय.

मुंबईतल्या दुकानात अशी यंत्रं ओळीने मांडलेली होती आणि दुकानदार त्यांच्यावर नकली मासे पोहवून दाखवत होता. तो नकली देखावा आधी बंद करायला सांगावा. त्या पडद्यावर प्रत्येकाच्या होडीखाली सुरमईच असते. मी यंत्र फुटपाथवर, भर उन्हात नेऊन दाखवायला लावलं. दोन यंत्रं तिथेच बाद झाली.

एकाच डब्याची पहिली अडचण कुणी सांगत नाही. पाच इंची पडदा अर्धा नकाशाला आणि अर्धा तळाला दिला की दोन्ही पोस्टाच्या तिकिटाएवढे होतात. हलत्या होडीत, चाळिशीच्या चष्म्यातून, ते बघायचं म्हणजे शिक्षाच. म्हणून सात इंची घेतलं, आणि पैसे वाचवायचे तर इतर कशात वाचवावेत असं माझं मत झालं. माशांच्या चित्रांवर, रंगांवर, बाजूचं दाखवणाऱ्या किरणांवर खुशाल काटछाट करावी. बटणं हवीत, नुसत्या स्पर्शाच्या पडद्यावर खारट, माशाच्या चिकट हाताने काही होत नाही. दुसरं असं, की काही स्वस्त यंत्रांत जीपीएस असतो पण नकाशाच नसतो. पांढऱ्या पडद्यावर तुम्ही आलात ती वाट आणि तुम्ही टोचलेल्या जागा, एवढंच. मला आधी हा फसवणुकीचा प्रकार वाटला, पण नीट विचार केल्यावर बाबांकडेही याहून जास्त काही नव्हतं असं लक्षात आलं. तरी मी नकाशाचं घेतलं. नकाशा वेगळ्या कार्डावर येतो आणि त्याचे वेगळे पैसे पडतात.

या नकाशातली खोली आणि यंत्राने मोजलेली खोली जुळत नाही म्हणून पहिल्या आठवड्यात मी दुकानदाराला फोन करून भांडलो. चूक माझी होती. आपल्या समुद्राचे अधिकृत नकाशे राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढतं, आणि ते आहे डेहराडूनला, समुद्रापासून जमेल तितकं लांब. (याची मला अजून गंमत वाटते.) पण मोजायची पद्धत चोख. नकाशावरचा आकडा सगळ्यांत खालच्या ओहोटीच्या पातळीपासून असतो. यंत्र या घडीचं पाणी मोजतं. उधाणाच्या दिवसांत आमच्याकडे भरती-ओहोटीत सुमारे दोन मीटरचा फरक पडतो, तेवढाच माझा आणि नकाशाचा वाद होता. खयसून मोजलंस?

खोली मोजणारा भाग म्हणजे वायरच्या टोकाचा साबणाच्या वडीएवढा ठोकळा. तो पाण्यात आवाज सोडतो, आपल्या कानाला ऐकू न येणारा, आणि तळावरून परत येणाऱ्या प्रतिध्वनीची वाट बघतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो. दहा मीटरवरच्या तळाला शिवून परत यायला त्याला सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग पुरतो. हे तंत्र 1948 साली जपानच्या नागासाकीकडच्या फुरुनो बंधूंनी मासेमारीत रुजवलं. माझ्या यंत्रात 50 आणि 200 किलोहर्ट्झ असे दोन आवाज आहेत. 50चा खोल जातो आणि खाली पसरट होतो, 200चा अरुंद आणि बारकाईचा. किनाऱ्यालगत फिरणाऱ्याला 200 पुरतो.

हा ठोकळा होडीच्या मागच्या फळीला बाहेरून लावावा असं पुस्तिकेत होतं. मला फायबरला भोकं पाडायची नव्हती. आवाज भरीव फायबरमधून आरपार जातो असं वाचून मी तो आतून, तळाला, इपॉक्सीने चिकटवला. पडद्यावर आकड्याच्या जागी तीन आडव्या रेघा आल्या. दोन दिवस वायरी तपासण्यात गेले. मग होडी बांधणारा मिस्त्री आला, त्याने तळाला बोटाने टकटक केलं आणि म्हणाला, इथे फायबरच्या मध्ये प्लायवूड आहे. लाकडातल्या हवेत आवाज मरतो. चिकटवायच्या आधी प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून ती तळावर ठेवायची आणि ठोकळा तिच्यावर टेकवून बघायचा, एवढी साधी परीक्षा होती. शेवटी छिन्नीने तो खरवडून काढला आणि मागच्या फळीला, पंख्याच्या फेसापासून दूर लावला. फेसात बुडबुडे असतात, आणि बुडबुड्यांचंही प्लायवूडसारखंच.

आता आकडा दिसायला लागला, पण कुठून मोजलेला? ठोकळा पाण्याखाली वीतभर होता, आणि यंत्र मोजतं ते ठोकळ्यापासून. त्यात वीतभर मिळवायला सांगितलं तर पाण्याच्या पातळीपासूनची खोली मिळते. उलट होडीच्या बुडाचा हिशेब वजा केला तर बुडाखाली किती पाणी उरलं ते कळतं. पुतण्याला बुडाखालचं हवं होतं, मला पाण्याच्या पातळीपासूनचं, म्हणजे दोरीसारखं. होडी माझी म्हणून माझं चाललं. पण कुणाच्या होडीवर गेलात तर आकडा बघण्याआधी तो कुठून धरलाय हे विचारून घ्या. आणि यंत्र दाखवतं ते होडीच्या खालचं, पुढचं नाही. खडप पडद्यावर येतं तेव्हा तुम्ही त्याच्यावर असता. नाळेवर पाण्याचा रंग बघणारा माणूस अजून लागतोच.

आणखी एका चुकीची कबुली. पुतण्याने बाबांच्या त्या खडपाची जागा मला मेसेज केली, अक्षांश 16 अंश आणि पुढे मिनिटांत 03.50. मी ते यंत्रात 3 मिनिटं 50 सेकंद असं भरलं. वरवर फरक टिंबाचा. पण मिनिटाचे दशांश पन्नास म्हणजे 30 सेकंद, 50 नव्हेत. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, 1852 मीटर. वीस सेकंदांत मी सहाशे मीटरांहून जास्त उत्तरेला गेलो आणि सकाळभर वाळूवर गरी टाकून बसलो. तळाची रेघ पडद्यावर बारीक, मऊ दिसत होती. खडप असतं तर ती जाड आणि ठळक आली असती, कदाचित खाली तिची दुसरी सावलीही पडली असती. साबणाने लगेच सांगितलं असतं. हैदराबादच्या इन्कॉइसकडून मासळीच्या संभाव्य जागांचे अंदाज येतात, त्यातही अक्षांश-रेखांशच असतात. ते भरण्याआधी यंत्रात मिनिटांचे दशांश आहेत की सेकंद, हे बघून घ्यावं.

नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत झाल्यावर पुन्हा गेलो. या वेळी आकडा नीट भरला होता. ओहोटी तळाला पोचायची वाट बघितली. खडपाच्या कडेवर आल्यावर तळाची रेघ एकदम जाड झाली, आणि खोलीचा आकडा 12.8 आणि 13.1 यांच्यामध्ये हलत राहिला. यंत्रात मीटरऐवजी फॅदमही लावता येतात. लावून पाहिले तर सात आणि थोडं. फॅदम सहा फुटांचा.

घरी येऊन खुंटीवरची दोरी उतरवली आणि दोन गाठींमध्ये टेप धरली. दोरी आटली असेल म्हणून चार ठिकाणी मोजलं. बाबांचा वाव पाच फूट चार इंच भरला. आठ वाव म्हणजे बेचाळीस फूट आठ इंच, म्हणजे 13 मीटर. गोळ्याच्या खोबणीतला साबण वाळून दगड झाला होता. तो खरवडून नवा थापला. दोरी आता होडीत असते.