कवडी

आजी गाव सोडून कायमची आमच्याकडे राहायला आली ती २००२ च्या मे महिन्यात. सामान म्हणजे एक ट्रंक, आगळाची बाटली आणि फडक्यानं तोंड बांधलेली वेताची टोपली. टोपलीत कवडी होती. खेडला दिवा पॅसेंजरमध्ये चढल्यापासून दिव्यापर्यंत, पुढे लोकलनं घाटकोपर आणि तिथून रिक्षानं मरोळ, एवढ्या प्रवासात ती एकदाही ओरडली नाही, हे आजी पुढे कितीतरी वर्षं सांगायची. आजोबा गेल्यावर तिनं सगळ्या कोंबड्या शेजारी वाटून टाकल्या होत्या. ही एकच तलंग, अजून अंड्यावर न आलेली, मागं ठेवली. "हिची आयस माझ्या हातची," एवढंच ती आईला म्हणाली.

पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, म्हणून कवडी.

आमची बैठी चाळ मिठी नदीपासून दोन गल्ल्या अलीकडे. न्हाणीघर आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये सहा-सात फूट जागा होती आणि त्यात एक शेवगा. बाबांनी खोक्यांच्या फळ्या आणि जाळी आणून दोन विटांवर खुराडं उभं केलं. आजीनं आधी जाळीच्या भोकातून स्वतःची तीन बोटं घालून पाहिली. "मुंगसाचं डोकं गेलं की मुंगूस गेलं," म्हणाली. बाबांनी दुसऱ्या दिवशी बारीक जाळी आणली. आरेच्या बाजूला राहणाऱ्यांना बिबट्याची धास्ती असते. आमच्याकडे मुंगूस, घूस आणि बोका.

सकाळी कडी काढायची, रात्रीचा ओला भुसा काढून वखारीतला कोरडा घालायचा, पाणी बदलायचं. तांदळाची कणी, ओली केलेली चपातीची तुकडी, रविवारी कोळणीकडून आणलेल्या मासळीची डोकी. अंड्याची टरफलं भाजून, चुरून पुन्हा त्यांनाच. नाहीतर पुढचं अंडं पातळ कवचाचं येतं आणि टोपलीतच फुटतं. शेवग्याखाली चुलीची राख आणि माती मिसळून ठेवलेली असायची. कवडी तिथं आडवी पडून पंखांनी राख अंगावर उडवून घ्यायची. एक डोळा मिटलेला, एक आमच्याकडे. पिसांतल्या उवा त्यानं मरतात. आणि दिवेलागणीला मोजणी. कोंबड्या आपणहून आत जातात, माणसानं फक्त मोजून कडी घालायची. आजी म्हणायची, कोंबडी पाळणं म्हणजे एवढंच, पण एकही संध्याकाळ चुकून चालत नाही.

पुढच्या वर्षी होळीच्या सुमाराला कवडी खुडूक झाली. टोपलीतून उठेना, हात नेला की अंगावरची पिसं फुलवून घुमायची. चाळीतल्या एका काकूंनी पाण्यात बुडवायला सांगितलं, दुसऱ्यांनी नाकातून पीस ओवायला. नाकातलं पीस मी नंतर एका घरी पाहिलं आहे. ती कोंबडी दिवसभर मान झटकत होती. आजीनं दोन्ही ऐकून घेतलं आणि शेजारच्या गल्लीत, जिथं कोंबडा होता, तिथून अंडी आणली. अकरा. अंडी विषमच ठेवायची. प्रत्येकावर कोळशानं एक रेघ, म्हणजे कवडीनं मागाहून घातलेलं वेगळं ओळखता येतं.

मी तेव्हा आठवीत होतो. आजीनं माझा हात धरून कवडीच्या पोटाखाली सरकवला. तिथं पीस नव्हतं. नुसती कातडी, तापलेली. अंड्यांना ऊब थेट लागावी म्हणून खुडूक कोंबडीच्या पोटावरची पिसं झडतात, काही ती स्वतःच उपटते. माणसाला आजारी पाडेल इतकी ऊब कोंबडीच्या अंगात रोजचीच असते, एकेचाळीस अंशांच्या आसपास. कवडीनं चोच मारली नाही. माझ्या मनगटावर तिचं वजन होतं आणि बोटांना अंडी लागत होती.

दिवसातून एकदा, पंधरा मिनिटं, ती उठायची. खाणं, पाणी, राखेतली अंघोळ, सगळं उरकून परत. आठव्या रात्री आजीनं घरातला दिवा मालवून अंडी एकेक करून बॅटरीवर धरली. नऊंत लाल कोळी बसल्यासारखा दिसला, शिरांचा. दोन स्वच्छ होती. ती बाजूला काढली. विसाव्या दिवशी मी कान लावला तेव्हा आतून चिवचिव येत होती आणि कवडी अगदी खालच्या स्वरात, आम्ही कधी न ऐकलेल्या आवाजात, तिला उत्तर देत होती. एकविसाव्या दिवशी सात पिल्लं निघाली.

त्यातली दोन पावसाळ्याच्या तोंडावर मान वाकडी होऊन गेली. मानमोडी, म्हणजे राणीखेत. त्याची लस थेंबाथेंबानं डोळ्यात घालतात, आणि लहानात लहान बाटली शंभर पक्ष्यांची. मिसळली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. शंभर कोंबड्या आमच्या आख्ख्या वस्तीत नव्हत्या. बाबांनी बर्फाच्या थर्मासमधून बाटली आणली आणि आजीनं आदल्या दिवशी चार गल्ल्या फिरून निरोप दिला. रविवारी सकाळी आमच्या पडवीत माणसं टोपल्या, पिशव्या, एक जण तर मुलाच्या दप्तरात कोंबड्या घेऊन बसली होती. त्या दिवशी मला कळलं की पत्र्यांच्या मागे, जिन्यांखाली किती जण कोंबड्या सांभाळत होते. पुढे दरवर्षी ते जमत राहिले.

२६ जुलै २००५, मंगळवार. बाबा फोर्टात कामाला होते. कुलाब्याला त्या चोवीस तासांत ७३ मिलिमीटर पाऊस झाला, सांताक्रूझला ९४४. बाबांना संध्याकाळपर्यंत काही कळलंच नाही. आमच्या दारात चार वाजता पाणी आलं, पाचला गुडघ्याला. आईनं धान्य माळ्यावर चढवलं. आजी मागच्या दारी गेली. खुराडं विटांवरून सुटून भिंतीला लागलं होतं. तिनं कडी काढून चार कोंबड्या एकेक करून माझ्या हातात दिल्या, कवडी शेवटची. तीन हाती लागल्या नाहीत. रात्रभर आम्ही माळ्यावर, तांदळाच्या डब्यांमध्ये. अंधारात कवडी आजीच्या मांडीवर बसून होती. पहाटे तिनं तिथंच अंडं घातलं. आजीनं ते पदरात धरून ठेवलं. दुपारी बाबा चालत घरी पोचले.

पुढच्या फेब्रुवारीत नवापुरात बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिला. तिकडच्या लाखो कोंबड्या मारल्याच्या बातम्या रोज येत होत्या. चाळीतली एक ताई, तिचं बाळ पाच महिन्यांचं, दारात येऊन म्हणाली, "आजी, राग मानू नका." आजीला राग आला नाही. भीती खोटी नव्हती. तिनं खुराड्यावर मच्छरदाणी शिवली, कावळा-चिमणी आत येऊ नये म्हणून. जमिनीवर चुना टाकला. कोंबड्या दीड महिना बाहेर सोडल्या नाहीत, आणि मला साबणानं हात धुतल्याशिवाय घरात घेतलं नाही. कोणाला सुस्ती आली, तुरा निळा पडला तर लगेच डॉक्टरांना सांगेन, असा शब्द तिनं त्या ताईला दिला होता. रोज सकाळी ती त्यांच्या दारावरून जाताना "बऱ्या आहेत" म्हणून जायची.

कवडी २००७ च्या दिवाळीनंतर अंड्यावर आली नाही. पिसं झडली, पुन्हा आली, तुरा मात्र फिकाच राहिला. आजी कोंबडी कापायला कधी कचरली नव्हती. दर गटारीला एक जायची, आणि ती स्वतः निवडायची. कवडीला तिनं कधी हात लावला नाही. कोणी विचारलंही नाही. वरच्या दांडीवरची कोपऱ्यातली जागा कवडीची होती. तिथं दुसरी बसली तर चोच खायची. शेवटच्या वर्षी तिला उडी जमेना, तेव्हा आजी संध्याकाळी तिला उचलून त्या कोपऱ्यात ठेवायची.

२००९ च्या श्रावणात ती एका सकाळी खाली भुशात पडलेली सापडली. शेवग्याखाली पुरली.

त्या संध्याकाळी कोपऱ्यातल्या जागेवरून तिच्याच दोन नातींची जुंपली. पिसं उडाली. आजी दार उघडं धरून उभी राहिली. एकीनं जागा घेतली, दुसरी सरकून बसली, तेव्हा तिनं मोजलं आणि कडी घातली.