बॅटरी कोण खातंय?

आम्हां गोंयकारांना वाद्यांचं फारसं अप्रूप नसतं. एका वाड्यावर हार्मोनियम आणि पखवाज, तर पलीकडच्या वाड्यावर व्हायोलिन आणि ट्रम्पेट. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे आमचे वादक मुंबईला गेले आणि हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदाला त्यांनी आकार दिला. पण वाद्य वाजवणं वेगळं आणि आजारी वाद्याची नाडी बघणं वेगळं. मी पडलो कलाशाखेचा पदवीधर, त्यात सरकारी कारकून. आमच्या भजनी मंडळाचे माइक आणि अॅम्प्लिफायर सांभाळता सांभाळता मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न तेवढं हाताशी आलं.

इंदूर आणि गोवा यांचं नातं लतादीदींमुळे सर्वांना ठाऊक आहे. वडील मंगेशीचे, आणि दीदींचा जन्म १९२९ सालचा, इंदूरचा. आमचं नातं त्याहून साधं. माझी धाकटी बहीण मल्हारगंजात दिली आहे. मल्हारराव होळकरांचं नाव मिरवणारा हा जुना भाग. गेल्या भाद्रपदात रजा काढून तिच्याकडे गेलो, तर घरात सुतक असल्यासारखं वातावरण!

कारण होतं भाच्याची बेस गिटार. शिकवण्या करून जमवलेल्या चौदा हजारांत त्याने ती जुनी विकत घेतली होती. विकणारे गृहस्थ तिथल्याच एका ऑर्केस्ट्रातले बुजुर्ग वादक, आणि याला पहिले धडे देणारेही तेच. महिनाभरात गिटारचा आवाज आधी फाटला, मग बारीक झाला आणि शेवटी गेलाच. नवी बॅटरी घातली, तीही तीन आठवड्यांत संपली. एका मेकॅनिकने उघडूनही न बघता सांगितलं की आतलं सर्किट गेलं, सहा हजार लागतील. "मामा, सरांनी मला फसवलं. पैसे परत घ्यायला मी उद्या जाणार, दोस्त पण येतायत," भाचा म्हणाला. चार दिवसांवर गणपतीतला कार्यक्रम होता. बहिणीला पैशांपेक्षा त्या "दोस्त पण येतायत"ची धास्ती जास्त.

मी म्हटलं, उद्या जा, पण आज रात्र मला दे.

इथे थोडं वाद्याविषयी. लिओ फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला तेव्हा त्यात बॅटरी नव्हती. चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं, एवढाच पिकअप. तार थरथरली की वेटोळ्यात बारीकशी वीज उमटते. १९७६ च्या म्युझिक मॅन स्टिंगरेमध्ये गिटारच्या पोटातच छोटा प्रीअॅम्प बसवला होता आणि तो चालायचा नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर. पुढे ही अॅक्टिव्ह पद्धत रुळली. काही गिटारींत पिकअप साधा आणि प्रीअॅम्प वेगळा असतो, तर काहींत तो पिकअपच्या आतच बंद केलेला असतो. पण बहुतेक ठिकाणी बॅटरी संपली की दोन्ही मुके!

कचेरीत फाइल हरवली तर आम्ही साहेबांच्या केबिनपासून शोध सुरू करत नाही. आवक टेबलापासून एकेक टेबल विचारत जातो. तसंच केलं. त्याच केबलने, त्याच अॅम्प्लिफायरवर भाच्याच्या मित्राची गिटार लावली. खणखणीत वाजली. म्हणजे ती दोन टेबलं सुटली. मग बॅटरी मोजली, साडेपाच व्होल्टही भरत नव्हते. नवी अल्कलाइन बॅटरी लावली आणि आवाज असा घुमला की शेजारच्या काकू गॅलरीत आल्या! म्हणजे पिकअप जिवंत, प्रीअॅम्पही जिवंत. सहा हजारांचा प्रश्न तिथेच मिटला.

पण खरा प्रश्न पुढे होता. बॅटरी खातंय कोण?

केबल काढली आणि बॅटरीच्या वाटेत मल्टिमीटर करंट मोजायला लावला. केबल नसताना काटा शून्यावर हवा. तो जवळपास एक मिलिअँपिअर दाखवत होता! गिटार झोपली होती, पण पोटातला दिवा जळत होता. हिशेब सोपा आहे. अशा बॅटरीत साधारण पाचशे मिलिअँपिअर-तास असतात. दिवसरात्र एक मिलिअँपिअर गेला तर पाचशे तास, म्हणजे एकवीस दिवस. बरोबर तीन आठवडे! रोज दोनच तास वाजवली असती तर तीच बॅटरी आठ महिने पुरती.

मग केबल खुपसायचा जॅक उघडला. अॅक्टिव्ह गिटारला वेगळं बटण नसतं, जॅक हाच तिचा स्विच. त्यासाठी तीन पट्ट्यांचा स्टिरिओ जॅक लागतो. बॅटरीची काळी वायर मधल्या पट्टीला जोडतात. साधा मोनो प्लग आत गेला की त्याचा लांब धातूचा दांडा मधली पट्टी आणि अर्थ एकमेकांना जोडतो आणि वीज सुरू होते. प्लग काढला की बंद. या गिटारमध्ये कधीतरी कोणीतरी दोनच पट्ट्यांचा मोनो जॅक बसवून काळी वायर सरळ अर्थला डकवून दिली होती. आवाज येत होता, म्हणून कोणाला संशयही आला नाही.

दुसऱ्या दिवशी जेल रोडच्या बाजारातून स्टिरिओ जॅक आणला. शंभर रुपयेसुद्धा लागले नाहीत. सोल्डरिंग भाच्याकडूनच करून घेतलं. पुन्हा मल्टिमीटर लावला, शून्य. प्लग खुपसला, एक. काढला, शून्य. पोरगा पाच-सहा वेळा तेच करत बसला.

तर वाचकहो, जुनी अॅक्टिव्ह गिटार घेणार असाल तर केबल काढून करंट मोजा. आणि जॅक ठीक असला तरी वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवा, नाहीतर ती आत असेपर्यंत बॅटरी जळतच राहील.

भाच्याने सरांना फोन केला, तो मी शेजारी बसून ऐकला. पैशांचा विषय त्याने काढला नाही, फक्त जॅकचं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग ते म्हणाले, की त्यांनीही ती जुनीच घेतली होती आणि सहा वर्षं दर महिन्याला नवी बॅटरी घालत आले. अॅक्टिव्ह वाद्यांचं असंच असतं, अशीच त्यांची समजूत! फोन ठेवण्याआधी त्यांनी विचारलं, "बेटा, माझ्याकडची दुसरी पण बघशील का?"