मोजून दिले असते तर...

दुधाचा हिशेब तुम्ही कुठे लिहिता? आमच्याकडे फ्रिजशेजारी लटकणाऱ्या कालनिर्णयावर. कमी घेतलं की चौकोनात 'अर्धा', खाडा झाला की फुली. इस्त्रीचे कपडे देताना मोजायचे, आल्यावर पुन्हा मोजायचे. मी अर्धवेळ शिक्षिका. शाळेची सहल निघाली की बसमध्ये चढताना मुलं मोजायची आणि उतरताना पुन्हा मोजायची, हे तर अंगवळणीच पडलेलं. अशी मी मोजणारी बाई! आणि याच मी मामंजींचे चांदीचे एकवीस रुपये एका अनोळखी व्यापाऱ्याकडे टपालाने पाठवले, ते नुसते 'एकवीस' एवढंच मोजून.

थोडं मागचं सांगते. आमचं जुनं घर सांगलीच्या गावभागात, कृष्णेच्या अंगाला. आम्ही दोघं लग्नानंतर विश्रामबागेत राहायला आलो, सासू-सासरे तिथेच राहिले. मामंजी सहकारी बँकेत कॅशियर होते. त्यांचा एकच छंद, नाणी. सराफकट्ट्यावर मोडीत आलेले राणीछाप, राजाछाप रुपये ते वजनाने विकत घेत. खेड्यातल्या खातेदारांकडून शिवराया घेत. त्या तांब्याच्या, एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असलेल्या. पगारातले पैसे असे 'गंजक्या तांब्यात' घालतात म्हणून सासूबाईंनी आयुष्यभर कुरकुर केली, आणि मामंजींनी ती आयुष्यभर हसून ऐकली.

मामंजी गेले, आणि दोनच वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये तो पूर आला. सासूबाईंना आम्ही आधीच इकडे आणलं होतं. पाणी ओसरल्यावर घर उघडलं तर ट्रंक चिखलाने भरलेली, आणि तिच्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. मी उत्साहाने सगळी नाणी धुतली. शिवराया तर चिंच-मिठाने घासून लखलखीत केल्या, देवाची भांडी घासतो तशा! तुमच्याही घरात अशी नाणी असतील तर एवढं ऐका : घासू नका. जुन्या तांब्यावरचा तो काळपट थर म्हणजे मळ नव्हे, ते त्या नाण्याचं वय असतं. तो गेला की जाणकार माणूस निम्मीही किंमत देत नाही. हे मला दोन वर्षांनी कळलं.

२०२२ मध्ये जुन्या घराची एक भिंत नव्याने बांधायची निघाली. सासूबाईच म्हणाल्या, "ते रुपये विका. त्यांच्याच घराला लागतील." कोणीतरी एका मोठ्या शहरातल्या व्यापाऱ्याचा फोन नंबर दिला. माणूस बोलायला अतिशय गोड. "ताई, तुम्ही पाठवा तर खरं, बघून भाव सांगतो. पसंत नसेल तर माल परत." वाटलं, यादी करून पाठवावी का? पोचल्याचं लेखी मागावं का? पण जीभच रेटेना. इतका सज्जन माणूस, त्याला वाईट वाटेल! बायकांना ही एक खोडच असते बघा. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालू, पण गोड बोलणाऱ्याकडे पावती मागायची म्हणजे आपणच काही पाप करतोय असं वाटतं.

पोस्टाचं मात्र मी नीट केलं. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत नाणी चिकटवून बसवली, आत काही खुळखुळू नये म्हणून. वरच्या कापडावर 'नाणी' असं कुठे लिहिलं नाही. रजिस्टर केलं, दहा हजारांचा विमा उतरवला. (ते रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, आता स्पीड पोस्टाने पाठवायचं.) पोस्टानेही आपलं काम चोख केलं. सहाव्या दिवशी सहीची पोचपावती माझ्या हातात.

इथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपल्याच गोवळकोंड्याच्या मुलखातून गेलेला तो निळा 'होप' हिरा १९५८ मध्ये हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्याने न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनच्या संग्रहालयाला पाठवला, तो साध्या तपकिरी कागदात गुंडाळून, रजिस्टर टपालाने! तिकिटं लागली अडीच डॉलरच्याही आतली, आणि विम्याचे जवळजवळ १४३ डॉलर. हिरा सुखरूप पोचला. पण घेणारं होतं संग्रहालय, आणि काय येणार आहे ते साऱ्या जगाला ठाऊक होतं. माझ्या पाकिटात काय आहे हे मला तरी कुठे ठाऊक होतं? टपालाचा विमा रस्त्यापुरता असतो. पलीकडे सही झाली की तो संपला.

आठ दिवसांत पैसे आले. वीस रुपयांचे पंधरा हजार. भाव वाजवी होता, नंतर चौकशी केली तेव्हाही वाजवीच ठरला. आणि एकविसावा रुपया परत आला, सोबत चिठ्ठी : 'हा १९३९ चा बनावट आहे, ओतीव आहे, माझ्या उपयोगाचा नाही.'

मी तो डब्यात टाकला असता. पण सासूबाई चिठ्ठी ऐकून गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, "अगं, तो तर ह्यांचा सगळ्यांत लाडका. आल्यागेल्याला दाखवायचे."

तेव्हा मी चौकशी केली. सहाव्या जॉर्जच्या रुपयांत १९३८ आणि १९३९ ही जुन्या कसाची शेवटची वर्षं, शेकडा ९१.७ चांदीची. १९४० पासून रुपयात चांदी निम्मीच राहिली. त्यातही १९३९ चा रुपया फारच विरळा. बाकीचे वीस रुपये मिळून जी रक्कम आली, तिच्या कितीतरी पट त्या एकाची आली असती, अर्थात खरा असता तर. आणि दुर्मीळ म्हणूनच १९३९ चे बनावट रुपयेही बाजारात भरपूर आहेत.

सराफकट्ट्यावरच्या ओळखीच्या दुकानात काट्यावर टाकला. जुना रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम, पूर्वी सराफ रुपयानेच तोळा मोजत. हा भरला १०.९. "झिजला तरी एवढा उतरत नाही, वहिनी," सराफ म्हणाले. म्हणजे व्यापारी खोटं बोलला नव्हता. हा रुपया बनावटच होता.

पण मी पाठवला तो हाच होता का?

त्या प्रश्नाशी मी गेली तीन-चार वर्षं अडले आहे. फोटो काढला नव्हता. वजन केलं नव्हतं. कडेवर कुठे ओरखडा आहे का, पाहिलं नव्हतं. ह्यांना विचारलं तर हे म्हणतात, "बाबा रुपये फरशीवर टाकून खणखणीत वाजवून दाखवायचे." त्यात तो होता का? "सगळेच वाजवायचे गं, मी लहान होतो." सासूबाई म्हणतात, तीस वर्षं कॅश मोजलेल्या माणसाला खोटा रुपया कळणार नाही का? मलाही तेच वाटतं. मग दुसऱ्याच क्षणी वाटतं, छंदापुढे भल्याभल्यांची नजर अंधारते. कुणी सांगावं, मोडीच्या ढिगात १९३९ दिसला आणि त्या आनंदात त्यांनी काट्यावर टाकलाच नसेल. म्हणजे कोण फसलं, मामंजी की मी? आणि त्या व्यापाऱ्याला चोर म्हणावं तर पुरावा नाही, साव म्हणावं तर मन मानत नाही. तो जर खरोखर प्रामाणिक असेल, तर विनाकारण त्याच्याबद्दल मनात किंतू बाळगून मी बसले आहे. एका यादीने त्याचीही सुटका झाली असती.

व्यापाऱ्यांपेक्षाही धीट लोक आहेत, तेही सांगून ठेवते. 'ट्रॅक्टरच्या चित्राची पाच रुपयांची नोट द्या, लाखो रुपये घ्या' असे फोन आणि जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. आमच्या ओळखीच्या एका बाईंकडून आधी नोंदणीचे, मग कराचे असे दोनदा पैसे मागवले, तेही रिझर्व्ह बँकेचं चिन्ह दाखवून. नोट त्यांच्याकडेच राहिली, पैसे गेले! रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं आहे की बँक असल्या व्यवहारात नसते आणि कसलीही फी किंवा कमिशन मागत नाही. जो विकत घेणार तो आपल्याला पैसे देईल. आपल्याकडे आधी कशाला मागेल? पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या नंबरावर फोन करायचा.

मागल्या वर्षी शिवराया विकायच्या ठरल्या, तेव्हा मी आठ दिवस आधीपासून बसले. कामवाल्या बाईसुद्धा हसायला लागल्या. प्रत्येक नाण्याला नंबर. शेजारी फूटपट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो. सराफाच्या काट्यावर वजन, ग्रॅमच्या शतांशापर्यंत. यादीच्या दोन प्रती, एक पाकिटात, एक माझ्या फाईलला. पाकीट बंद करतानाचं मोबाइलवर चित्रण, ते लेकीने केलं. आणि सगळ्या नाही, पहिल्यांदा दोनच पाठवायच्या.

ही यादी फोनवर वाचून दाखवली आणि 'पाकीट उघडताना तुम्हीही चित्रण करा, वजन कळवा' म्हटलं, तेव्हा एक व्यापारी तडकले. "विश्वास नसेल तर पाठवू नका." मी म्हटलं, बरं, आणि फोन ठेवला. हात थरथरत होता, खोटं कशाला सांगू? दुसऱ्यांशी बोलणं झालं, ते शंभर वर्षांहून जुनी नाणी परदेशी गिऱ्हाइकाला पाठवू म्हणाले. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने ते परवान्याशिवाय करता येत नाही, एवढं मला तोवर वाचून माहीत होतं. तिसरे गृहस्थ वयस्कर होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं झालं ताई. मागे एकांनी बारा नाणी पाठवली आणि पंधरा पाठवली म्हणून माझ्याशी भांडले. मला तरी कुठे सिद्ध करता येतंय?" हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पलीकडचाही आपल्याला भीत असतो!

त्यांनी दोन्ही शिवरायांचं वजन कळवलं, ते माझ्या यादीशी जुळलं. घासल्याबद्दल हळहळले आणि फार थोडे पैसे दिले. बाकीच्याही मग त्यांनाच पाठवल्या.

तो १९३९ चा रुपया घरातच आहे. मी म्हटलं, मोडीत घालू, तर सासूबाईंनी तो देवघरात नेऊन ठेवला. यंदाच्या लक्ष्मीपूजनाला ताम्हनात तोच होता, हळदकुंकू लावलेला. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी ताम्हन आवरताना ह्यांनी तो उचलला आणि, का कोण जाणे, फरशीवर टाकून पाहिला. आवाज बद्दच आला. सासूबाईंनी आतून विचारलं, "काय पडलं रे?"

"काही नाही आई," हे म्हणाले, आणि रुपया पुसून परत जागेवर ठेवला.