दुपारचा धनी

संपादकांचे पत्र आषाढात आले. दिवसभर नोकरी करणाऱ्या माणसाने कुत्रा पाळावा की पाळू नये, यावर सर्वसामान्य वाचकाला झेपेल असा लेख द्यावा, आणि लेखाच्या शेवटी काही निश्चित मत असावे, अशी त्यातली मागणी होती. मागणीत वावगे काहीच नव्हते. मला नवल वाटले ते एवढ्याचेच, की हा प्रश्न कोणीतरी मला विचारला. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडल्यापासून आजतागायत माझ्या दवाखान्याची पायरी चढणारा गृहस्थ 'लॅब घेऊ की बीगल', 'नर बरा की मादी', 'केस कमी गळणारी जात कोणती' अशी पृच्छा करीत आला आहे. 'घेऊ का' असे विचारणारे क्वचित भेटतात, कारण बहुतेकांच्या बाबतीत तो निर्णय झालेला असतो, आगाऊ रक्कम दिलेली असते आणि पुष्कळदा पिल्लू टॉवेलात गुंडाळलेले त्यांच्या मांडीवरच असते. पशुवैद्याकडे सल्ल्याला यायचे ते लसीची तारीख विचारण्यापुरते, असा आपल्याकडे रिवाज पडून गेला आहे.

पत्र आले त्याच सुमारास एक प्रकरण माझ्यापुढे आले आणि ते अजून मनातून हटलेले नाही. पती-पत्नी दोघेही हिंजवडीला नोकरीस, बिऱ्हाड कोथरूडला, आणि ब्रूनो नावाचा अकरा महिन्यांचा लॅब्रॅडॉर. घरून काम करण्याची मुभा होती तेव्हा त्यांनी तो आणला. पुढे ती मुभा गेली, कचेरीची हजेरी सक्तीची झाली आणि जाण्यायेण्याचा वेळ धरून घराला दहा-अकरा तास कुलूप राहू लागले. फिर्याद अशी, की त्याने दाराची चौकट कुरतडली, दिवाणखान्यात घाण केली, आणि शेजाऱ्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे लेखी तक्रार दिली. "डॉक्टर, हा मुद्दाम करतो," पती म्हणाले, "आम्ही गेलो याचा राग काढतो. आणि आम्ही आलो की याचं तोंड बघा, आपण काय केलंय ते याला बरोबर कळतं." मी ब्रूनोला टेबलावर घेतले. पुढच्या पंजांची नखे घासून बोथट झालेली होती, एक तर मुळापासून चिरून त्याच्या कडेला रक्त साकळलेले होते, आणि खालच्या दातांच्या फटीत लाकडाची बारीक कुसळे अडकलेली होती. राग काढणारा प्राणी स्वतःची नखे उपटून घेत नाही.

मी त्यांना घरी मोबाइल लावून ठेवून चित्रण आणायला सांगितले. दार बंद झाल्यावर ब्रूनो काही क्षण तसाच उभा राहतो. मग दाराखालच्या फटीला नाक लावून हुंगतो, मागे येतो, पुन्हा जातो. धाप लागते, जीभ लोंबते, आणि फरशीवर लाळेचे थारोळे साचू लागते. वाटीत ठेवलेल्या तुपाच्या पोळीकडे, जिच्यासाठी तो एरवी घर डोक्यावर घेतो, तो पाहतसुद्धा नाही. दाराला पंजे लागतात ते पहिल्या अर्ध्या तासाच्या आत. आमच्या शास्त्रात याला वियोगजन्य चिंताविकार म्हणतात, आणि त्याचे निदान याच तपशिलांवर ठरते: मोडतोड केव्हा सुरू होते, ती बाहेर जाण्याच्या वाटेपाशी होते की घरभर, आणि समोरचे अन्न प्राणी खातो की नाही. निव्वळ कंटाळलेला कुत्रा पोळी आधी फस्त करतो, झोप काढतो आणि उठल्यावर सावकाश चपला, उशा, वर्तमानपत्र यांचा समाचार घेतो. तिसऱ्या प्रकारचा कुत्रा ना कंटाळलेला असतो ना घाबरलेला; त्याचे मूत्राशय भरलेले असते, एवढेच. या तिन्ही स्थितींत संध्याकाळी घरी परतणाऱ्या धन्याला दिसणारे दृश्य जवळजवळ एकच असते आणि उपाय मात्र तीन निरनिराळे असतात, हे मी वारंवार सांगतो आणि ते वारंवार विसरले जाते.

पण सर्वांत हट्टाने टिकून राहिलेला समज अपराधी चेहऱ्याचा आहे, आणि त्याविषयी मी जरा विस्ताराने लिहिणार आहे. संपादकांनी ते कापू नये अशी विनंती. कान मागे, मान खाली, शेपूट पायांत, नजर चुकविलेली: हा चेहरा म्हणजे कबुलीजबाब, असे घरोघर मानले जाते. २००९ साली अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या अमेरिकन संशोधिकेने याची परीक्षा घेतली. चौदा पाळीव कुत्रे घेतले; धन्याने खाऊला तोंड न लावण्याची आज्ञा करून खोलीबाहेर जायचे, आणि तो बाहेर असताना खाऊचे काय झाले याची खरी हकीकत कधी त्याला कळवायची, कधी खोटी. म्हणजे काही वेळा कुत्र्याने आज्ञा पाळलेली असतानाही, त्याने खाऊ खाल्ला असे समजून धनी परत येऊन त्याला रागे भरे. निष्कर्ष असा निघाला, की 'अपराधी' चेहऱ्याचा अपराधाशी संबंध नव्हता, रागावण्याशी होता. किंबहुना ज्याने खाऊ खाल्लाच नव्हता असा कुत्रा फुकट रागे भरला गेला असता तो चेहरा अधिकच ठळक उमटला. तेव्हा दारात उभे राहून आपण जो कबुलीजबाब वाचतो, तो वस्तुतः आपल्याच मुद्रेला आणि आवाजाला दिलेला जबाब असतो. कुत्र्याला लाज वाटतच नाही असे या प्रयोगाने सिद्ध झाले, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. चेहऱ्यावरून ती ओळखता येत नाही, इतकेच सिद्ध झाले. मला या वादाचे महत्त्व वाटते ते व्यवहारासाठी. सूड मानला की शिक्षा होते, शिक्षा झाली की धनी परतण्याची घटकाही भयाची होऊन बसते, आणि मग बिचाऱ्या जनावराला धनी जाण्याचेही भय आणि येण्याचेही.

मग किती तास? कुत्र्याला किती वेळ एकटे ठेवावे याचा दवाखान्यात सर्वांना आकडा हवा असतो, पण आधी नाते पाहावे. बुडापेस्टच्या योझेफ टोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये, तान्ह्या मुलांच्या मातृबंधाची परीक्षा घेण्याची जी पद्धत आहे ती एकावन्न कुत्र्यांना लावून दाखविली, आणि कुत्र्याचे धन्याशी नाते बऱ्याच अंशी त्याच जातीचे आहे असे त्यांना आढळले. पुढे २०११ मध्ये रेन व कीलिंग या स्वीडनच्या संशोधिकांनी कुत्र्यांना अर्धा तास, दोन तास व चार तास एकटे ठेवून परतीच्या वेळचे त्यांचे वर्तन नोंदविले. अर्ध्या तासाच्या मानाने दोन तासांनंतरचे स्वागत स्पष्टपणे अधिक उत्कट होते, पण दोन आणि चार यांत फारसा भेद दिसला नाही. एकटेपणाची जाणीव तासांच्या हिशेबाने सरळ रेषेत चढत जात नाही, एवढा बोध यातून घ्यावा. दहा तासांची परवानगी यातून काढू नये. मूत्राशयाचा हिशेब त्याहून सरळ आहे. निरोगी प्रौढ कुत्रा सहा ते आठ तास धरून ठेवतो, दोन महिन्यांचे पिल्लू जेमतेम दोन तास. त्या स्वीडन देशात तर कुत्र्याला दिवसा निदान दर सहा तासांनी बाहेर नेले पाहिजे असा सरकारी नियमच आहे.

आपल्याकडे कायदा नाही असे समजू नका. राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी धरलेल्या आग्रहातून जो प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा १९६० साली झाला, त्याच्या अकराव्या कलमात, नित्य साखळीला बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणारा धनी गुन्हेगार ठरविलेला आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. कायदा करणाऱ्यांची दृष्टी विशाल होती याबद्दल मला संशय नाही. पण दंडाची रक्कम पाहिली म्हणजे पुण्यातल्या गॅलऱ्यांतून दुपारभर ऐकू येणाऱ्या रडण्याचा उलगडा होतो. २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही, आणि तरी महिना-सव्वा महिन्याची पिल्ले सर्रास माझ्या टेबलावर येतात. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंतचा काळ जग ओळखण्याचा, हे स्कॉट आणि फुलर यांनी १९६५ सालच्या आपल्या ग्रंथात साधार मांडले. नेमक्या त्याच काळात आमचे नोकरदार धनी पिल्लाला न्हाणीघरात कोंडून कचेरी गाठतात.

यावर लोकांनी शोधून काढलेले उपायही मासलेवाईक असतात. पहिला, सोबतीला दुसरा कुत्रा. ज्याला माणसाचा वियोग सोसत नाही त्याला दुसऱ्या कुत्र्याने बहुधा चैन पडत नाही, आणि मग एकाच्या जागी दोघांची तक्रार सेक्रेटरीकडे जाते. दुसरा, 'मुलांना जबाबदारी कळावी म्हणून'. ती जबाबदारी सहामाही परीक्षेपर्यंत टिकते. तिसरा, गोळी. क्लोमिप्रॅमिन हे मुळात माणसांच्या विषण्णतेवरचे औषध या विकारासाठी अमेरिकेत १९९८ पासून मान्य आहे, मीही ते देतो, आणि योग्य ठिकाणी त्याचा गुण येतो; परंतु ते शिकवणुकीच्या जोडीने द्यावयाचे औषध आहे, आधी दोन मिनिटे, मग पाच, मग पंधरा असा वियोगाचा सराव आठवडे-महिने करून घ्यावा लागतो, आणि रिकाम्या घराला गोळी नाही. चौथे गृहस्थ उपाय सांगत नाहीत, महाभारत सांगतात. श्वानाला मागे ठेवून स्वर्गात जाण्याचे युधिष्ठिराने नाकारले हे खरे; पण तेव्हा तो राज्य सोडून निघालेला होता, त्याला सकाळी नवाला हजेरी लावायची नव्हती.

थट्टा सोडली तरी त्या कथेत एक तथ्य आहे: कुत्रा त्याच्या बरोबर चालत होता. आपल्या मुलखात धनगराचा कुत्रा दिवसभर मेंढरांमागे असतो, शेतकऱ्याचा बांधावर असतो, म्हणजे धन्याचे काम आणि कुत्र्याचे काम एकाच ठिकाणी चालते. घर आणि चाकरी यांची फारकत माणसाने केली आणि जनावराला मात्र घराच्या वाटणीला टाकले, हा या प्रश्नाचा उगम आहे. म्हणून नोकरदाराने कुत्रा पाळूच नये असे फर्मान मी काढणार नाही. माझ्याकडे येणारे कित्येक उत्तम सांभाळलेले कुत्रे दोघेही नोकरी करणाऱ्या घरांतलेच आहेत. त्या घरांची चौकशी केली की मात्र एक गोष्ट हमखास निघते: दुपारचा कोणीतरी धनी असतो. कुठे निवृत्त वडील, कुठे शेजारच्या काकू, कुठे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी, कुठे पगारी फिरवणारा मुलगा. आणि अनेक घरांत ती व्यक्ती म्हणजे आजी, जिला कुत्रा आणताना कोणी विचारलेले नसते, जिचे गुडघे दुखतात, आणि जिच्या हातात दीड वाजता तीस किलोच्या जनावराचा पट्टा असतो. फायलीवर नाव मुलाचे, फोटोत सून आणि नातू, आणि दुपारचा सगळा भार त्या माउलीवर, हा अन्याय कुत्र्यावरच्या अन्यायाइतकाच मला खुपतो.

ब्रूनोच्या घरी दुपारचे कोणीच नव्हते. औषध आणि सराव मी लिहून दिला, पण रजा शिल्लक नव्हती आणि शेजाऱ्यांनी दिलेली मुदत संपत आली होती. अखेर परगावच्या एका कुटुंबाला तो देण्याचे ठरले. फाइलवर मी 'शरीराने निरोगी' असे लिहिले आणि त्याखाली विकाराचे नावही लिहिले. पती अजिजीने म्हणाले, "डॉक्टर, ही ओळ राहिली तर त्याला कोणी घेणार नाही." मी ओळ खोडली नाही. नव्या धन्याला सत्य कळणे हा त्याचा हक्क आणि कुत्र्याच्याही हिताचे, असे माझे मत आजही आहे. तरी त्या ओळीने ब्रूनोचे दार उघडले की बंद झाले, या शंकेने मला कधी कधी झोप लागत नाही.

तेव्हा संपादकांनी मागितलेले निश्चित मत असे. दोघेही दिवसभर बाहेर आणि घरी कोणी नाही, अशा घरात पिल्लू आणू नये, कोणत्याही जातीचे आणू नये. प्रौढ कुत्रा आणता येईल. प्राणिसंस्थेतला दोन-तीन वर्षांचा, स्वभाव ठरून गेलेला गावठी कुत्रा माझ्या मते सर्वांत उत्तम, आणि आपल्या उन्हाळ्यालाही तोच टिकतो. मात्र सकाळी कचेरीपूर्वी निदान पाऊण तास, रात्री तितकाच, आणि मध्ये सहा तासांच्या आत कोणीतरी माणूस, ही अट दहा-बारा वर्षे पाळावी लागेल. तो माणूस पगारी असेल तर त्याचा पगार आधी ठरवा, घरातला असेल तर त्याची संमती आधी घ्या, आणि कुत्रा आणण्यापूर्वी त्याला माझ्याकडे किंवा तुमच्या जवळच्या कोणाही पशुवैद्याकडे घेऊन या. कुत्रा नसताना विचारायला येणाऱ्याकडून मी फी घेत नाही.