तीन गांवांचा एक माणूस

परदेशप्रवासाचीं वर्णनें लिहिणारे बहुतेक लेखक लंडनचा मनोरा, शेक्सपियरचें जन्मगांव आणि स्कॉटलंडांतील सरोवरें यांपलीकडे सहसा जात नाहींत. आम्हांसहि तोच मोह होता. परंतु आमची कन्या व जांवई इंग्लंडच्या मध्यभागीं नॉटिंगहॅम शहरीं राहतात, आणि त्यांच्या घरीं दीड महिना मुक्काम पडल्यामुळें जें पाहावयास मिळालें तें मार्गदर्शिकांत सांपडण्यासारखें नव्हतें. एका चित्रपटावरून तीन शहरांचें आपसांत चाललेलें भांडण आम्हीं पाहिलें, आणि तें पाहतां पाहतां आमच्याच घरचें एक जुनें भांडण आम्हांस आठवलें.

मुक्कामाच्या पहिल्याच आठवड्यांत, पावसामुळें बाहेर पडणें अशक्य झालें असतां, जांवईबापूंनीं घरच्या पडद्यावर 'द डॅम्ड युनायटेड' हा २००९ सालीं निघालेला चित्रपट लावला. टॉम हूपर हे त्याचे दिग्दर्शक आणि मायकेल शीन हे प्रमुख नट. ब्रायन क्लफ नांवाच्या फुटबॉल-व्यवस्थापकाच्या आयुष्यांतील कांहीं वर्षें त्यांत दाखविलीं आहेत. ज्या वाचकांस या खेळाचें वेड नाहीं त्यांनीं आपल्या जुन्या नाटकमंडळीचा चालक डोळ्यांपुढें आणावा. नट निवडणें, तालीम घेणें, कोणास कोणती भूमिका द्यावी हें ठरविणें, आणि नाटक पडलें तर शिव्या खाणें, हीं सर्व कामें त्याचीं. इंग्लंडांतील फुटबॉल-व्यवस्थापक हा बव्हंशीं तसाच गृहस्थ होय.

क्लफचा जन्म १९३५ सालीं ईशान्य इंग्लंडांतील मिडल्सबरो येथें झाला. खेळाडू म्हणून लीगच्या २७४ सामन्यांत त्यानें २५१ गोल केले. पण १९६२ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशीं गुडघा दुखावला आणि खेळ जवळजवळ संपला. पुढें पीटर टेलर या मित्रास बरोबर घेऊन तो व्यवस्थापक झाला. खेळाडूची पारख टेलरची, आणि त्यास घडविण्याची व जगाशीं भांडण्याची हातोटी क्लफची, अशी कामाची वांटणी होती. १९६७ सालीं हे दोघे डर्बी काउंटी या दुसऱ्या श्रेणींत रखडलेल्या संघाकडे आले आणि १९७२ सालीं तो संघ साऱ्या इंग्लंडचा विजेता ठरला. पुढच्याच वर्षीं मालकवर्गाशीं बिनसून दोघांनीं राजीनामा दिला व ते ब्रायटन येथें गेले. १९७४ सालीं क्लफ लीड्स युनायटेड या आपल्या जुन्या प्रतिस्पर्धी संघाकडे गेला. टेलर मात्र ब्रायटनलाच राहिला. लीड्स येथें क्लफ अवघे ४४ दिवस टिकला. या ४४ दिवसांभोंवतींच चित्रपट विणलेला असून, शेवटीं क्लफ ब्रायटनला जाऊन टेलरची क्षमा मागतो व दोघे मित्र पुन्हा एक होतात असें त्यांत दाखविलें आहे.

पडदा मिटला. आमचा अकरा वर्षांचा नातू, जो नॉटिंगहॅमच्या फॉरेस्ट संघाचा निस्सीम भक्त आहे, त्यानें विचारलें, "आजोबा, मग ते दोघे कायमचे मित्र राहिले का हो?"

आम्हांस ठाऊक नव्हतें. जांवईबापू कांहींसे घुटमळले आणि म्हणाले, "पुढच्या आठवड्यांत आपण लीड्स व डर्बी पाहूं. मग आजोबाच तुला सांगतील."

लीड्सला आगगाडीनें सुमारें दोन तास लागतात. शहराच्या दक्षिणेस एलंड रोड या नांवाचें क्रीडांगण आहे. बाहेर दोन पुतळे दिसतात. एक कर्णधार बिली ब्रेम्नर याचा, दुसरा डॉन रेव्ही याचा. रेव्ही १९६१ सालीं येथें व्यवस्थापक झाला तेव्हां संघ दुसऱ्या श्रेणींत होता. पुढील तेरा वर्षांत त्यानें १९६९ व १९७४ अशीं दोन वेळां लीग, १९७२ सालीं एफ. ए. चषक आणि १९६८ व १९७१ सालीं युरोपांतील फेअर्स चषक मिळविला. चित्रपटांत हाच रेव्ही आढ्यताखोर आणि त्याचे खेळाडू आडदांड रंगविले आहेत.

क्रीडांगणासमोरच्या उपाहारगृहांत एक वृद्ध गृहस्थ आमच्या टेबलाशीं बसले. आम्ही हिंदुस्थानांतून आलों आहों व तो चित्रपट पाहून आलों आहों असें कळतांच त्यांनीं चहाचा पेला खालीं ठेवला. त्यांच्या बोलण्याचा आशय असा. शीन यांचा अभिनय अप्रतिम. डोळे मिटले तर क्लफच बोलत आहे असें वाटावें. परंतु त्या अप्रतिम अभिनयानेंच त्यांच्या गांवाचें नुकसान केलें. क्लफनें आल्याबरोबर खेळाडूंस सांगितलें कीं, तुम्हीं पदकें लबाडीनें मिळविलीं, तीं फेंकून द्या. हें खरोखर घडलें. आपल्या घरीं आलेल्या पाहुण्यानें असें म्हटलें तर तुम्ही त्यास पाट द्याल का? लीगच्या पहिल्या सहा सामन्यांत एकच विजय मिळाला. ज्या दिवशीं त्याची गच्छंती झाली त्याच रात्रीं दूरचित्रवाणीवर क्लफ आणि रेव्ही समोरासमोर बसले. तो प्रसंग चित्रपटांत आहे, परंतु मूळ मुलाखत पाहावी म्हणजे रेव्हीचाहि माणूस म्हणून कांहीं पक्ष होता हें दिसेल. आणि हाच 'बिघडलेला' संघ पुढच्या मे महिन्यांत पॅरिस येथें युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यास पोंचला, ही गोष्ट चित्रपटवाल्यांस सांगावीशी वाटली नाहीं.

उठतांना ते म्हणाले, "तो माणूस येथें एकटा आला, हेंच सारें चुकलें. टेलर बरोबर असता तर कोण जाणें!"

पुढील रविवारीं आम्ही डर्बीस गेलों. नॉटिंगहॅमहून डर्बी पंधरासोळा मैल. या दोन शहरांचें फुटबॉलांतील वैर प्रसिद्ध आहे, परंतु त्यांना जोडणाऱ्या हमरस्त्यास २००५ सालापासून क्लफचेंच नांव दिलें आहे. दोन भावांचें पटत नसावें आणि वाड्याच्या मधल्या भिंतीवर वडिलांची तसबीर असावी, तसें आम्हांस वाटलें.

डर्बी हा रेल्वेच्या कारखान्यांचा आणि रोल्स-रॉइसच्या इंजिनांचा गांव. क्लफच्या काळचें 'बेसबॉल ग्राउंड' आतां नाहीं. तेथें घरें उभीं आहेत. एका कारखानदारानें अमेरिकेंत पाहिलेला बेसबॉल आपल्या गांवीं आणण्यासाठीं तें मैदान केलें, म्हणून तें नांव पडलें. बेसबॉल गेला, नांव राहिलें. १९९७ पासून संघ प्राइड पार्क येथें खेळतो. तेथें आमच्या जांवयांचे परिचित, इंजिनांच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, आमची वाट पाहात होते.

त्यांची तक्रार निराळीच होती. चित्रपटांत कथेचा आरंभ १९६८ सालच्या एका सामन्यानें होतो. लीड्सचा संघ डर्बीस येतो, क्लफ पाहुणचाराची जय्यत तयारी करतो, आणि रेव्ही त्याच्याकडे न पाहतां निघून जातो. तेथून वैर पेटतें. "तो सामना डर्बीस झालाच नाहीं," ते म्हणाले, "तो लीड्सला झाला!" शिवाय आमचें जुनें मैदान पाडलेलें म्हणून चित्रीकरण चेस्टरफील्डच्या मैदानावर केलें, तें आम्हांस कसें ओळखीचें वाटावें? शेवटच्या अक्षरांत, सलग दोन वर्षें युरोपियन चषक जिंकणारा क्लफ हा एकटाच इंग्रज व्यवस्थापक, असें लिहिलें आहे. पण लिव्हरपूलच्या बॉब पेस्ली यांनीं १९७७ व १९७८ सालीं तेंच करून दाखविलें होतें. अशा चुका त्यांनीं बोटांवर मोजून दाखविल्या.

"तरी तुम्हीं तो किती वेळां पाहिला?" सौ. नें विचारलें.

ते ओशाळून हंसले. "दर वर्षीं पाहतों. टेलर त्यांत आहे ना! लोक क्लफलाच आठवतात. या चित्रपटानें टेलरला त्याच्या शेजारीं बसविलें."

नंतर त्यांनीं आम्हांस पुतळ्यापाशीं नेलें. मिडल्सबरोस आणि नॉटिंगहॅमला क्लफ एकटा उभा आहे. डर्बीस २०१० सालीं उभारलेल्या पुतळ्यांत क्लफ व टेलर शेजारीं शेजारीं आहेत. नातवाच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस तेथें मिळालें, आणि तें पुतळ्याच्या अगदीं उलट होतें.

ब्रायटननंतर दोघे नॉटिंगहॅमला पुन्हा एकत्र आले हें खरें. १९७८ सालीं लीग आणि १९७९ व १९८० सालीं युरोपियन चषक त्यांनीं मिळविला. परंतु १९८० सालीं टेलरनें दोघांच्या सहवासाविषयीं एक पुस्तक क्लफला न कळवितां प्रसिद्ध केलें, आणि मनांत पहिली अढी बसली. पुढें टेलर डर्बीचा व्यवस्थापक झाला. १९८३ सालीं त्यानें फॉरेस्टचा जॉन रॉबर्टसन (१९८० च्या अंतिम सामन्यांतील एकमेव गोल याचाच) क्लफला एका शब्दानें न विचारतां डर्बीस घेतला. त्यानंतर दोघे एकमेकांशीं कधींहि बोलले नाहींत. १९७२ सालीं डर्बीनें लीग जिंकल्याची बातमी आली तेव्हां टेलर खेळाडूंसह माजोर्का बेटावर होता. १९९० सालीं त्याच बेटावर तो वारला. क्लफ अंत्यविधीस गेला. १९९४ सालच्या आत्मचरित्राची अर्पणपत्रिका त्यानें टेलरच्या नांवें लिहिली, आणि आपल्यास त्याची उणीव फार भासते असें कबूल केलें. सात वर्षांत जें एका तासांत बोलून झालें असतें तें अखेर पुस्तकाच्या पहिल्या पानावर, वाचणारा निघून गेल्यावर, छापावें लागलें.

नॉटिंगहॅमला परतल्यावर शेजारच्या बाईंस आम्हीं सर्व हकीकत सांगितली. तरुणपणीं त्या फॉरेस्टचे सामने चुकवीत नसत. त्यांचा राग सर्वांत निराळा. "आमचा गांव त्या चित्रपटांत आहेच कोठें? क्लफनें येथें अठरा वर्षें काढलीं. तीं त्यांनीं शेवटच्या चार ओळींत उरकलीं." थोड्या वेळानें त्या हळूच म्हणाल्या कीं, खरें दुःख तें नव्हे. चित्रपट ज्यावरून घेतला ती डेव्हिड पीस यांची कादंबरी २००६ सालीं निघाली, तेव्हां क्लफला जाऊन दोनच वर्षें झालीं होतीं. त्याची पत्नी व मुलें हयात होतीं, आणि कादंबरींत त्याच्या तोंडीं घातलेले काळेकुट्ट विचार त्यांस मुळींच मान्य नव्हते. लीड्सचा खेळाडू जॉनी जाइल्स यानें तर प्रकाशकांविरुद्ध कायद्याचा मार्ग धरला. चित्रपटानें कादंबरीचा काळोख पुष्कळ कमी केला, हें बाईंनींहि मान्य केलें. "परंतु," त्या म्हणाल्या, "लोकांस तो नायक, आणि त्या घरास तो बाप होता."

हा प्रश्न आम्हां महाराष्ट्रीयांस नवा नाहीं. पेशवाईवरील कादंबरी वाचून तीच इतिहास समजणारे आणि तिच्यावर तुटून पडणारे, दोन्ही प्रकारचे वाचक आपल्याकडे आहेत. मात्र आपल्या कादंबरीकारांचे नायक जाऊन शतकें लोटलीं. येथें विधवेच्या डोळ्यांदेखत कथा रचली गेली. आमच्या मतें कलावंतास प्रसंगांची जुळवाजुळव करण्याची मोकळीक असावी, पण जिवंत माणसांच्या घरांत शिरतांना पादत्राणें बाहेर काढण्याची रीत त्यासहि लागू असावी. चित्रपटानें ती बरीच पाळली, कादंबरीनें पाळली नाहीं.

तिन्ही गांवांचीं मतें ऐकल्यावर आमच्या ध्यानांत आलें कीं, प्रत्येक गांव चित्रपटांत आपलाच क्लफ शोधीत होता. पण एका मुद्द्यावर तिघांचें एकमत होतें. टेलरवांचून तो माणूस अपुरा होता. म्हणून चित्रपटाचा गोड शेवट अर्धाच खरा असूनहि कोणी त्यावर दांत खात नव्हतें. सामन्याची जागा चुकली तर लोक रागावतात. मित्र परत मिळाला एवढी चूक मात्र सर्वांस हवीच असते.

त्या रात्रीं नातू अंथरुणांत जागा होता. आम्हीं त्यास खरें तें सांगितलें. तो बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "मग दोघांपैकीं कोणी फोन कां नाहीं केला?"

आम्हांस उत्तर सुचेना, आणि त्याचें कारण होतें. पंचवीस वर्षें एकाच शाळेंत शिकविलेल्या आमच्या एका स्नेह्याबरोबर आम्हीं अंकगणिताचें पुस्तक लिहिलें होतें. मुखपृष्ठावर कोणाचें नांव आधीं यावें या वादावरून बोलणें थांबलें, त्यास आतां एकोणीस वर्षें झालीं. पुस्तकहि केव्हांच अभ्यासक्रमांतून गेलें. सौ. नें वरचेवर विषय काढला होता. आम्हींच "चूक त्याची" म्हणून टाळीत आलों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं नॉटिंगहॅमच्या चौकालगत, जेथें क्लफचा पुतळा दोन्ही हात गुंफून येणाऱ्याजाणाऱ्यांस अभिवादन करीत उभा आहे, त्याच्या समोरच्या बांकावर बसून आम्हीं पत्र लिहिलें. चूक कोणाची हें त्यांत लिहिलें नाहीं. तब्येत कशी आहे, गुडघे दुखतात का, आणि आम्ही परतल्यावर घरीं आलों तर चालेल का, एवढेंच विचारलें. टपालपेटी जवळच होती. पत्र आंत टाकण्याचा मान नातवानें मागून घेतला, आणि तें तळाशीं पडल्याचा आवाज ऐकूं येईतों तो पेटीस कान लावून उभा राहिला.