वडगांवचें न काढलेलें चित्र

इतिहासाचें भव्य चित्र समोर आलें म्हणजे त्यांत काय आहे एवढेंच आपण पाहतों. काय वगळलें आहे हें पाहण्याची संवय आपल्या डोळ्यांना नसते. मला ती थोडीबहुत जडली, ती वडगांव मावळांत आयुष्य गेल्यामुळें. कारण आमचें गांव हें अशा एका वगळलेल्या प्रसंगाचें गांव आहे.

लंडनच्या टेट संग्रहालयांत टॉमस डॅनिएल या इंग्रज चित्रकाराचें एक मोठें तैलचित्र आहे. त्याची छापील प्रत पुष्कळांनीं पाहिली असेल. शनिवारवाड्यांतील गणेश रंगमहालाचा दरबार भरला आहे. सवाई माधवराव गादीवर आहेत, नाना फडणीस आहेत, आणि पुणें दरबारचा इंग्रज वकील सर चार्ल्स मॅलेट टिपूविरुद्धच्या तहाचें काम उरकतो आहे. साल १७९०. त्या कामगिरीबद्दल पुढच्याच वर्षीं मॅलेटला ‘बॅरोनेट’ची पदवी मिळाली. चित्रांत कोणी कोणापुढें वांकलेला नाहीं, कोणाच्या हातीं उपसलेली तलवार नाहीं. एका सभ्य घराण्यानें दुसऱ्या सभ्य घराण्याशीं सोयरीक जुळवावी, तसा सारा थाट आहे.

हें चित्र खोटें आहे असें मी म्हणत नाहीं. उलट, त्याचें सामर्थ्य त्याच्या खरेपणांतच आहे. जेम्स वेल्स नांवाचा स्कॉटिश चित्रकार १७९२ मध्यें पुण्यास आला आणि त्यानें पेशव्यांच्या दरबारीं मंडळींचे चेहरे प्रत्यक्ष समोर बसवून रेखाटले. म्हणजे ज्या दरबाराचें हें चित्र, तो दरबार त्यानेंहि पाहिलेला नव्हता. चेहरे मात्र अस्सल होते. १७९५ त वेल्स वारला. पुढें त्याची मुलगी मॅलेटनें केली, आणि सासऱ्याच्या रेखाटनांवरून हें चित्र त्यानें डॅनिएलकडून करवून घेतलें. एकेक चेहरा खरा, वस्त्र खरें, खांब खरा. आणि सर्व मिळून जें बोलणें निघतें तें मात्र ज्यानें पैसे मोजले त्याचें! प्रचाराचें चित्र म्हणजे ढळढळीत असत्य, अशी आपली भाबडी समजूत असते. हुशार प्रचारक सत्याचेच तुकडे निवडून घेतो.

आतां तें लोकांपुढें केव्हां मांडलें तें पाहा. लंडनच्या रॉयल अकॅडमींत तें १८०५ मध्यें झळकलें. तोंपर्यंत चित्रांतील पेशवा मरून दहा वर्षें होत आलीं होतीं. ज्याच्याविरुद्ध तह, तो टिपू १७९९ मध्यें श्रीरंगपट्टणास पडला होता. नाना १८०० मध्यें गेले. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावानें वसईचा तह करून इंग्रजांची तैनाती फौज पदरीं घेतली होती, १८०३ मध्यें असईची लढाई होऊन गेली होती, आणि होळकरांशीं युद्ध चालूच होतें. अशा वेळीं लंडनच्या सुखवस्तु प्रेक्षकाला हें चित्र हळूच कानांत सांगत होतें: बाबा रे, हिंदुस्थानांत आपण कोणावर चालून गेलों नाहीं; पाहा, राजे आपल्याला आपल्या महालांत मानानें बोलावून घेतात!

आणखी एक टोंचणी आहे. शनिवारवाड्याच्या इमारती १८२८ च्या आगींत जळून गेल्या. आज त्या रंगमहालाचा डौल पाहावयाचा तर आपल्याला या परक्याच्याच चित्रापुढें उभें राहावें लागतें. आपल्या घराची आठवण आपल्याला दुसऱ्याच्या डोळ्यांनीं ठेवावी लागते, आणि ती आठवण आपण कृतज्ञतेनें भिंतीवर टांगतों. मींहि टांगली आहे.

याच सवाई माधवरावांच्या नांवानें इंग्रजांशीं याआधीं अकरा वर्षें एक करार झाला होता, तो पुण्यापासून दहाबारा कोसांवर, आमच्या वडगांवांत. राघोबादादांना पेशवाईवर बसविण्याकरितां मुंबईकर इंग्रजांचें सुमारें ३९०० माणसांचें सैन्य बोरघाट चढून आलें. ४ जानेवारी १७७९ रोजीं कार्ल्यास त्यांचा कॅप्टन स्टुअर्ट ठार झाला. ९ तारखेस ते तळेगांवास पोहोंचले, तों गांव जळालेलें. दाणा नाहीं, वैरण नाहीं. ११ च्या रात्रीं जड तोफा तळेगांवच्या तळ्यांत लोटून त्यांनीं पाठ फिरवली. मराठ्यांनीं त्यांना वडगांवांत कोंडलें, आणि १६ जानेवारीस महादजी शिंद्यांनीं घातलेल्या अटींवर त्यांना सह्या कराव्या लागल्या. साष्टीसकट १७७३ पासून घेतलेला सारा मुलूख परत करावयाचा, आणि जामीन म्हणून फार्मर व लेफ्टनंट स्टुअर्ट हे दोन इंग्रज ठेवावयाचे, असें ठरलें. (हा स्टुअर्ट निराळा.) कलकत्त्याच्या सरकारनें हा करार पुढें मानला नाहीं, आणि कंपनीच्या संचालकांनीं आपले सेनापति बडतर्फ केले, ही गोष्ट वेगळी.

तेरा वर्षांनीं, १७९२ च्या फेब्रुवारींत, टिपूचे दोन लहान मुलगे कॉर्नवॉलिसनें ओलीस घेतले. मॅलेटच्या तहामुळें झालेल्या युद्धाचीच ती अखेर. हा प्रसंग रॉबर्ट होमनें चितारला, मेदर ब्राउननें चितारला, सिंगलटननें आणि डेव्हिसनेंहि. पोरक्या चेहऱ्याचीं दोन मुलें आणि त्यांचा हात वत्सलपणें धरणारा कॉर्नवॉलिस, हें दृश्य छापील चित्रांतून विलायतेंत पोहोंचलें. वडगांवचे दोन ओलीस मात्र कोणाला सुचले नाहींत. ओलीस घेणें आणि ओलीस देणें, एकच व्यवहार. पण चित्राला एकच बाजू असते.

इंग्रजांचा हा स्वभाव निराळा मुळींच नव्हे. १७६५ सालीं बादशहानें क्लाइव्हला बंगालची दिवाणी दिली, ती क्लाइव्हच्या तंबूंत, जेवणाच्या मेजावर खुर्ची ठेवून केलेल्या सिंहासनावरून. बेंजामिन वेस्टनें मात्र तेथें छत्रचामरांचा दरबार उभा केला. मेजावरची खुर्ची कोण रंगवील? मीहि रंगवली नसती.

मावळच्या लोकांनीं वडगांवची आठवण वेगळ्या रीतीनें ठेवली. चित्र नाहीं, पण कार्ल्यास पडलेल्या त्या कॅप्टन स्टुअर्टला त्यांनीं ‘इष्टुर फाकडा’ करून टाकलें. शत्रूला फाकडा म्हणावयास मन मोठें लागतें. वडगांवच्या पोलीस ठाण्याच्या आवारांत त्याची समाधि दाखवतात, आणि तिच्यापुढें नारळ फोडणारे लोक आहेत. एखादा इंग्रज हें पाहून गोंधळेल. आमच्याकडे कोणी गोंधळत नाहीं.

हें सारें आज लिहिण्याचें कारण असें, कीं परवां गांवांतील कांहीं तरुण माझ्याकडे आले होते. सभागृहाच्या भिंतीवर वडगांवच्या विजयाचें मोठें चित्र काढावयाचें त्यांनीं ठरविलें आहे. त्यांनीं कागद उलगडला. मध्यें महादजी घोड्यावर, समोर गोरा साहेब गुडघे टेकून तलवार अर्पण करतो आहे.

“साहेब गुडघ्यावर कोठें आला होता?” मीं विचारलें. “बोलणीं झालीं, कागदावर सह्या झाल्या.”

“गुरुजी, त्यांनीं शेंकडों चित्रें काढलीं. आम्हीं एक काढलें तर एवढें काय बिघडलें?”

या प्रश्नाला झटकन उत्तर देणारा मनुष्य मला संशयास्पद वाटेल. त्यांचा राग खरा आहे. पण मीं विचारलें, राघोबादादांना कोठें घालणार? ते इंग्रजांच्या छावणींत होते. आणि ते परके नव्हते, पेशव्यांच्याच घरचे. इंग्रजांचे बहुतेक शिपाई आपल्यासारखेच काळे होते, त्यांना कोणत्या रंगानें रंगवणार? आणि तळेगांव? तें शत्रूनें जाळलें नव्हतें. शत्रूला कांहीं मिळूं नये म्हणून आपल्याच लष्करानें जाळलें. वेळ पडली असती तर चिंचवड आणि पुणेंहि जाळावयाची तयारी होती. म्हणूनच तर जय मिळाला. ज्या कुणब्याचें घर त्या दिवशीं जळालें, त्याच्या पदरीं त्या विजयाचें काय पडलें तें कोणत्याच बखरकारानें विचारलेलें नाहीं.

एक मुलगा, त्याचें आजोळ तळेगांवचें, बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग त्यानें पेन्सिल घेऊन महादजींच्या घोड्यामागें धूर काढला. दुसऱ्यानें तो खोडला. दोघांत जुंपली ती माझ्या ओट्यावर दिवेलागणीपर्यंत चालली. साहेबाला उभें करण्यास ते शेवटीं कबूल झाले. मान मात्र खालीं हवी म्हणाले, आणि मींहि ती सोडून दिली. धुराचा निकाल अजून लागावयाचा आहे. चित्रकाराचें म्हणणें असें, कीं जळतें गांव घालावयाचें तर भिंत दोन हात तरी वाढवावी लागेल.